वकील लावायचा की स्वतः उभं राहायचं?

(दृश्य: मुंबई उच्च न्यायालय. टिळकांच्या उद्गारांची संगमरवरी पाटी.)

जुलै 1908. लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला याच इमारतीत चालला. जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले. न्यायमूर्ती दावर यांनी अर्ज फेटाळला. खटल्यात मात्र टिळकांनी आपली बाजू स्वतःच मांडली. काही दिवस मिळून ते 21 तासांहून अधिक बोलले. ज्यूरीतल्या सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. 6 वर्षांची शिक्षा झाली, मंडालेचा तुरुंग नशिबी आला.

"टिळक उभे राहिले, मग मी का नाही?" असं म्हणणाऱ्या माणसाचं धैर्य मला मनापासून आवडतं. पण टिळक एलएल.बी. होते, कायद्याचे वर्ग चालवत होते. शिवाय त्यांना ज्यूरीच्या डोक्यावरून साऱ्या देशाशी बोलायचं होतं. आपला दावा असतो बांधाचा, भाड्याचा, पोटगीचा. आपल्याला निकालच हवा असतो.

(दृश्य: तालुक्याचं कोर्ट. पट्टेवाला पुकारा करतो. बाकावर पिशवीत कागद घेतलेले पक्षकार.)

स्वतःची केस स्वतः चालवायला कायद्याची आडकाठी नाही. झालेला प्रकार पक्षकाराइतका कुणालाच ठाऊक नसतो, हेही खरं. अडचण येते ती उलटतपासात.

समोरचा साक्षीदार पिंजऱ्यात आहे. पक्षकाराला राहवत नाही. "खोटं बोलतोय साहेब हा! मोजणीच्या दिवशी हा गावातच नव्हता!" न्यायाधीश म्हणतात, "प्रश्न विचारा." पक्षकार पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगू लागतो.

वकील तिथे एवढंच विचारतो, "मोजणीच्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" उत्तर नोंदलं जातं. मग तो आपली बाजू साक्षीदारापुढे ठेवतो आणि जबाबात ओळ उमटते: "हे म्हणणे खरे नाही की, मी त्या दिवशी गावात नव्हतो." नकारच आला, पण आपली हरकत कागदावर आली. साक्षीदाराच्या ज्या विधानाला उलटतपासात हात लावला नाही, ते आपल्याला मान्य आहे असं कोर्ट धरू शकतं. पक्षकार कितीही खरा असो, ही ओळ राहून गेली की पुढे युक्तिवादात ओरडून फारसा उपयोग होत नाही.

मुदतीचंही तसंच. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. कोर्ट कारण पाहून ही मुदत समन्सपासून एकूण 90 दिवसांपर्यंत वाढवून देतं. त्यानंतर दावा विनाकैफियत पुढे सरकू शकतो.

म्हणून जमीन, वारसा आणि फौजदारी खटल्यात एकट्यानं उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्राहक आयोगाची गोष्ट वेगळी. तिथे पावती, पत्रव्यवहार, फोटो तारीखवार लावले की साधी तक्रार स्वतः चालवता येते. वस्तूची किंवा सेवेची दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्कही नाही. कुटुंब न्यायालयात तर वकील हा हक्क नाही. 1984 च्या कायद्यानुसार त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते.

(दृश्य: त्याच कोर्टाच्या आवारातली तालुका विधी सेवा समितीची पाटी.)

जीव तुटतो तो वेगळ्याच माणसांसाठी. फी परवडत नाही, म्हणून ती एकटी उभी राहतात. त्यांनी काही निवडलेलंच नसतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 सालचा आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतले लोक यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रात इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. मदतीचा फोन क्रमांक 15100.

अर्ज पुढच्या तारखेची वाट न पाहता करावा. लिहिता येत नसेल, तर समितीच्या कार्यालयात जाऊन तोंडी सांगावं. अर्ज लिहायला तिथे मदत मिळते.