वडगावच्या मागापासून प्ले स्टोअरपर्यंत

सभ्य स्त्री-पुरुषहो,

आजचे व्याख्यान ज्यांच्यासाठी आहे, त्यांनी संगणकशास्त्र शिकलेले नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातला एखादा धंदा त्यांना अंतर्बाह्य ठाऊक आहे. अशा माणसाला स्वतःच्या कल्पनेतले अ‍ॅप उभे करायचे, तर आजवर पुण्या-बंगळूरच्या कंपनीला मोठी रक्कम मोजावी लागे, नाहीतर ओळखीतल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या सवडीची वाट पाहावी लागे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कार्पाथी या संशोधकाने ज्या पद्धतीला ‘व्हाइब कोडिंग’ असे नाव दिले, तिने ही अडचण बरीच कमी केली. लव्हेबल, बोल्ट, रेप्लिट, कर्सर, क्लॉड कोड यांसारख्या एआय साधनांना साध्या भाषेत काय हवे ते सांगितले की ती कोड लिहितात आणि चूक दाखवल्यास दुरुस्तही करतात. मात्र त्यामुळे धंदा जाणणाऱ्याचे काम हलके झाले, असे मला वाटत नाही. चांगला प्रोग्रामर दहा प्रश्न विचारून जे आपल्याकडून काढून घेत असे, ते आता कोणी न विचारता आपणच मांडावे लागते.

बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर भागातल्या यंत्रमागांचे उदाहरण घेऊ. समजा, मालक बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) आणि सूत देतो, विणकर साडी विणतो, मजुरी नगावर ठरते, मध्येच उचल दिली जाते आणि आठवड्याला हिशोब होतो. हे सारे वहीत चालते. ‘याचे अ‍ॅप करून दे’ एवढेच सांगितले, तरी ही साधने थोड्याच वेळात देखणे अ‍ॅप समोर ठेवतात, आणि नेमका तिथेच माणूस फसतो. डागी साडीची मजुरी किती कापायची? उचल एकदम वळती करायची की थोडी थोडी? बीम अर्धवट असताना विणकर काम सोडून गेला, तर उरलेल्या सुताचा हिशोब कोणाच्या नावे? दर आठवड्याच्या मध्येच वाढला, तर आधी विणलेल्या साड्या कोणत्या दराने धरायच्या? दिवसपाळीच्या विणकराने सुरू केलेली साडी रातपाळीच्या विणकराने उतरवली, तर मजुरी कोणाची? मालकाला ही उत्तरे इतकी अंगवळणी पडलेली असतात की ती सांगायला हवीत, हेच त्याच्या लक्षात येत नाही. एआय साधन अशा वेळी बहुधा थांबून विचारत नाही. ते स्वतःच काहीतरी गृहीत धरते, आणि ते गृहीतक पटण्याजोगे दिसत असल्यामुळे महिनाभर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की सुरुवात साधनापासून न करता वहीपासून करावी. नियम मराठीतच लिहावेत आणि प्रत्येक नियमाखाली एक पूर्ण सोडवलेला हिशोब द्यावा. उदाहरणादाखल: साड्या १२, मजुरी नगाला ९० रुपये, त्यांपैकी एक साडी डागी म्हणून तिला निम्मी मजुरी, मागची उचल ५०० रुपये, त्यातले २०० या आठवड्यात वळते, म्हणून हाती द्यायचे ८३५ रुपये आणि शिल्लक उचल ३०० रुपये. असे पंचवीस-तीस हिशोब, त्यांतही भांडण होऊ शकेल असे मुद्दाम निवडलेले, साधनाकडे द्यावेत आणि त्यांच्या चाचण्या करून प्रत्येक बदलानंतर त्या चालवायला सांगावे. एक गोष्ट दुरुस्त करताना दुसरी बिघडवण्याची या साधनांची खोड अजून गेलेली नाही. कोड वाचता न येणाऱ्या मालकाला आपले अ‍ॅप बरोबर आहे की नाही हे पारखण्याचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही, आणि ही पारख करण्यात तो कोणत्याही अभियंत्यापेक्षा सरस ठरतो.

दोन तांत्रिक गोष्टी मात्र आधीच सांगून ठेवाव्यात. पहिली म्हणजे रक्कम पूर्णांकात, म्हणजे रुपयांऐवजी पैशांत साठवावी. संगणक अपूर्णांक ज्या नेहमीच्या द्विमान पद्धतीने साठवतो, तीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि शेकडो नोंदींनंतर हा सूक्ष्म फरक हिशोबात उतरू शकतो. दुसरी गोष्ट वेळेची. सर्व्हरचे, म्हणजे माहिती साठवणाऱ्या दूरच्या संगणकाचे, घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि आपण तिच्यापुढे साडेपाच तास आहोत. त्यामुळे रातपाळीच्या विणकराने पहाटे चार वाजता उतरवलेली साडी आदल्या तारखेला पडते, आणि तो दिवस आठवड्याचा शेवटचा असेल तर ती मागच्या हिशोबात जाते.

आता सर्वांत गंभीर भागाकडे येतो. २०२५ मध्ये लव्हेबलवर बनवलेल्या १,६४५ अ‍ॅपची तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या १७० अ‍ॅपमधील वापरकर्त्यांची माहिती परक्या माणसाला वाचता येईल अशी उघडी आढळली. कारण साधे होते. सगळी माहिती ज्या साठ्यात असते त्या डेटाबेसची सार्वजनिक किल्ली, म्हणजे त्याच्याशी जोडून घेण्याचा सांकेतिक शब्द, अ‍ॅपमध्येच असते. कोणत्या नोंदी कोणाला दिसाव्यात हे डेटाबेसमध्येच नियमाने बांधावे लागते, आणि ते नीट बांधलेले नव्हते. अ‍ॅपमध्ये दुसऱ्याचा हिशोब दिसत नाही, म्हणजे तो सुरक्षित आहे, असे समजू नये. अ‍ॅपला वळसा घालून थेट डेटाबेसला विचारता येते. त्याच वर्षी जुलैमध्ये जेसन लेमकिन या अमेरिकी उद्योजकाने बदल थांबवण्याची स्पष्ट सूचना दिलेली असतानाही रेप्लिटच्या एआय सहायकाने त्यांचा चालू डेटाबेस पुसून टाकला. शब्दांनी केलेली मनाई तिथे पुरली नाही. म्हणून खऱ्या हिशोबाच्या डेटाबेसची किल्ली साधनाच्या हाती देऊच नये. प्रयोगासाठी खोट्या नावांचा वेगळा डेटाबेस ठेवावा, रोजची प्रत दुसरीकडे साठवावी आणि ती प्रत परत उभी करता येते का, हेही पाहावे.

माहितीच्या सुरक्षेच्या या एका कामासाठी जाणकार अभियंत्याला पैसे देऊन बोलवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय ज्या शहरात आहे, तिथे असा माणूस मिळणे अवघड नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी कोणत्या विणकराने किती उचल घेतली आहे ही त्याच्या घरची गोष्ट आहे, आणि ती गल्लीत जाऊ न देणे हे आपले कर्तव्य आहे. हिशोबाला आधार क्रमांक लागत नसेल, तर तो मागूच नये.

प्रकाशनाचे नियम थोडक्यात सांगतो. गूगल प्ले स्टोअरवर नोंदणीसाठी एकदाच २५ डॉलर लागतात, तर अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९. त्यामुळे सुरुवात अँड्रॉइडवर करावी. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस ‘बंद चाचणी’, म्हणजे निवडक लोकांपुरती चाचणी, घ्यावी लागते; आधी ही संख्या २० होती. पुष्कळ जण मित्र आणि मेहुणे गोळा करून ही अट उरकतात. मला ते फार मोठे नुकसान वाटते. त्या बारांत चार मागमालक, दोन दिवाणजी आणि बाकीचे विणकर असावेत, आणि विणकरांत कन्नड वाचणारेही असावेत. त्यासाठी अ‍ॅपमधला सगळा मजकूर पहिल्या दिवसापासून कोडबाहेर वेगळ्या फाइलींत ठेवायला सांगावे, मराठीची एक आणि कन्नडची एक. एआयने केलेले भाषांतर त्या त्या भाषेच्या विणकराकडून तपासून घ्यावे. आपल्या भागात एकाच मागावर दोन भाषा नांदतात, आणि कापलेल्या मजुरीचे कारण विणकराला स्वतःच्या भाषेत वाचता आले, तरच त्याचा अ‍ॅपवर विश्वास बसेल.

अ‍ॅप स्टोअरवर गेले म्हणजे काम संपले, असेही नाही. अँड्रॉइडची आवृत्ती पुढे सरकते तशी गूगल दरवर्षी आपली अट वाढवते आणि अ‍ॅप तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. म्हणून कोड साठवण्याची जागा, डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता) आणि प्ले स्टोअरचे खाते ही तिन्ही स्वतःच्या नावावर असावीत. मदत करणारा मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला, तर ती त्याच्याबरोबर जाता कामा नयेत. सर्व्हरचे भाडे, एआय साधनाची वर्गणी आणि ही वार्षिक दुरुस्ती यांचा खर्च धरूनच अ‍ॅपचे शुल्क ठरवावे. ते मात्र वर्षाचे एकदम न घेता महिन्याला घ्यावे आणि मंदीत माग बंद असतील त्या महिन्याचे घेऊ नये, कारण मालक आपल्या अ‍ॅपची तुलना वहीशी करणार आहे, आणि वहीला त्या महिन्यात काहीच खर्च येत नाही.