तंबूतला उजेड

[दृश्य: मे महिन्याची दुपार. बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या. गावात शिरणारा डांबरी रस्ता, त्यावर माणूस नाही. मागे कुलरची घरघर.]

वर्धा जिल्हा, आर्वीकडचं एक गाव. पारा ४५ च्या घरात आहे आणि त्याचं इथं कोणाला नवल नाही. बारा वाजले की जो तो दार लोटून कुलरसमोर आडवा होतो, तो चारशिवाय उठत नाही. अशा मुलखात रोपांना उजेड विकत घ्यायचा म्हटलं तर ऐकणारा आधी बोलणाऱ्याला ऊन लागलं असंच धरेल. या घरातल्या आजीनं तर नातवाला तोंडावरच विचारलं.

"काऊन रे, बाहेर एवढं ऊन तापून राह्यलं, अन् तू घरात लाइट लावून रोपं करून राह्यला?"

नातू कृषी पदविका झालेला. वाद घालत नाही. "कोवळं रोप या उन्हात करपून जाते, आजी," एवढंच म्हणतो आणि ट्रेवर पाणी फवारत राहतो.

त्याचं म्हणणं आकड्यात मांडता येतं. पानावर किती उजेड पडतो ते मोजायला एक माप आहे: एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे प्रकाशकण, मायक्रोमोलमध्ये. मेच्या निरभ्र दुपारी ते २००० च्या आसपास जातं. नुकत्याच उगवलेल्या मिरची-टोमॅटोच्या रोपाला १५० ते २५० पुरतात. जुलैत सगळं उलटं होतं. झड लागली की दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. दाट ढगाखाली भर दुपारच्या उन्हाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो, आणि उंबऱ्याच्या आत तर नावापुरताच. मग रोपं उजेडाकडं लांबत जातात, देठ दोऱ्यासारखे बारीक होतात आणि पहिल्याच जोराच्या पावसात सगळी आडवी.

म्हणून हा पोरगा रोपं घरातच, एका छोट्या तंबूत दिव्याखाली वाढवतो. तरीही आधीच सांगून टाकतो. एकरभर मिरची लावायची असेल तर हा व्हिडिओ इथंच थांबवा आणि शेडनेट उभारा. एकराला हजारोंनी रोपं लागतात, ती तंबूत मावत नाहीत आणि तसा दिवा लावून परवडतही नाहीत. तंबू कामाचा आहे तो ज्याच्याकडे महागाचं संकरित बी मोजकंच आहे त्याला. किंवा जो भौगोलिक मानांकन मिळालेल्या भिवापुरी मिरचीचं घरचं बी निवडून पुढं चालवतो त्याला. किंवा वर्ध्या-नागपुरातल्या हॉटेलांना मोहरी-मुळ्याचे कोवळे अंकुर पोहोचवायचे आहेत त्याला.

[दृश्य: आतली खोली. कोपऱ्यात चार फूट लांब, दोन फूट रुंद तंबू.]

हा तंबू चार बाय दोन फुटांचा का, ते प्रोट्रेला, म्हणजे रोपं करायच्या घराघरांच्या ट्रेला विचारा. एक प्रोट्रे साधारण ५४ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद. असे चार ट्रे शेजारी शेजारी बरोबर बसतात. ९८ घरांचा ट्रे घेतला तर ३९२ रोपं. बाजारातला तंबू आतून चांदीसारखा चकचकीत असतो, म्हणजे भिंतींवर गेलेला उजेड परत रोपांवर येतो. इथं तो खर्चच केलेला नाही. पीव्हीसी पाइपाचा सांगाडा आणि त्यावर गेल्या निवडणुकीचे फ्लेक्स, पांढरी पाठ आतल्या बाजूला. हात जोडलेले उमेदवार बाहेर भिंतीकडं तोंड करून उभे आहेत. पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडले म्हणायचे.

आता दिवा.

[दृश्य: पुठ्ठ्याचं खोकं. त्यावर ठळक अक्षरात '१००० वॅट'.]

हे खोकं शेजारच्या गावातल्या एका मित्राचं. वर १००० वॅट लिहिलंय. किंमत पाहून कोणालाही वाटेल, लॉटरी लागली. पण हा आकडा दिवा किती वीज ओढतो त्याचा नाही. आतल्या प्रत्येक चिपला, म्हणजे एलईडीच्या बारीक ठिपक्याला, कागदावर जेवढे वॅट झेपतील तेवढे धरून केलेली ती बेरीज असते. प्रत्यक्षात चिप त्याच्या कितीतरी खाली चालते. खरा आकडा काढायला वेगळं यंत्र लागत नाही. घरातला विजेचा मीटर बास.

[दृश्य: ओसरीतला मीटर, जवळून. लाल ठिपका उघडझाप करतोय.]

मीटरवर बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो, एका युनिटमागे हा लाल ठिपका किती वेळा लुकलुकतो तो. पुष्कळ घरगुती मीटरवर तो ३२०० असतो. घरातलं सगळं बंद करायचं, फ्रिजसुद्धा. फक्त हा दिवा लावायचा आणि पंधरा मिनिटं लाल ठिपक्याचं लुकलुकणं मोजायचं. मीटर ३२०० चा असेल तर आलेल्या संख्येला सव्वानं गुणा, झाले वॅट. १००० वॅटचा दिवा असता तर ठिपका पंधरा मिनिटांत ८०० वेळा लुकलुकला असता. इथं आले ७६. म्हणजे ९५ वॅट.

दिवा वाईट म्हणून मी हे सांगत नाही. या तंबूला ९५ वॅट भरपूर होतात. प्रश्न एवढाच की त्या ९५ वॅटांतून उजेड किती निघतो, आणि ते खोक्यावर कुठंच लिहिलेलं नाही.

चांगला बोर्ड, म्हणजे चपट्या पाटीवर चिपा बसवलेला दिवा, एका वॅटमागे सेकंदाला अडीच मायक्रोमोल किंवा त्याहून थोडा जास्त उजेड देतो. जुन्या पद्धतीचा जांभळा दिवा एक-दीडवर अडकतो. उरलेली वीज दिव्यातच उष्णता होऊन बसते. घेताना विकणाऱ्याला हाच एक आकडा विचारायचा: वॅटमागे मायक्रोमोल किती? त्यानं पुन्हा ल्युमेन किंवा 'हजार वॅटच्या तोडीचा' असं सुरू केलं, तर पुढचं दुकान पाहा. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सगळ्यात जास्त दिसतो. पान ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच उजेड कमीअधिक वापरतं.

जांभळ्या दिव्यांची गोष्ट थोडी लांबवतो, कारण गावोगाव अजून तेच खपतात. हरितद्रव्य निळा आणि लाल उजेड जास्त शोषतं, हे शाळेत सगळे शिकलो. त्यावरून लोकांनी धरलं की हिरवा उजेड वाया जातो, आणि नुसत्या लाल-निळ्या चिपांचे दिवे निघाले. पण १९७२ मध्ये टेक्सासमध्ये किथ मॅक्री या शास्त्रज्ञानं २२ प्रकारच्या पिकांची पानं वेगवेगळ्या रंगाच्या उजेडात तपासली. हिरव्या उजेडावरही पानं चांगलं काम करतात असं त्यात दिसलं. शिवाय हिरवा उजेड पानात खोलवर आणि वरच्या पानाआडून खालच्या पानापर्यंत पोहोचतो. आज साधा पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि वरून पिवळसर फॉस्फरचा लेप. त्या निळ्या चिपेसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पांढऱ्या उजेडात आणखी एक सोय आहे, तिचं मोल रोज कळतं: रोपाचा खरा रंग दिसतो. जांभळ्या उजेडात पिवळं पडलेलं पान आणि निरोगी पान यांतला फरक पटकन कळत नाही. मावा, थ्रिप्स या किडी ओळखायच्या तर ट्रे बाहेर काढावा लागतो.

[दृश्य: मुलगा मोबाइल ट्रेवर ठेवतो, पडदा वर. पडद्यावर आकडा हलतोय.]

मोबाइलमध्ये उजेड मोजायचं फुकट ॲप मिळतं, ते लक्समध्ये, म्हणजे एका चौरस मीटरवर पडणाऱ्या ल्युमेनमध्ये सांगतं. पांढऱ्या एलईडीखाली आलेल्या लक्सला ७० नं भागा, मायक्रोमोलचा अंदाज मिळतो. १४,००० लक्स म्हणजे सुमारे २००. मोबाइल तंतोतंत नसतो, पण कोपरा आणि मध्य यांतला फरक तो बरोबर दाखवतो. जांभळ्या दिव्याखाली मात्र हा हिशेब चालत नाही.

आणि इथं या पोरानं जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. त्यानं आधी बोर्ड घेतलाच नाही. आर्वीच्या बाजारातून घराघरात असतात त्या २० वॅटच्या सहा एलईडी पट्ट्या आणल्या, पांढऱ्या उजेडाच्या, प्रत्येकी २००० ल्युमेनच्या. लाकडी फळीवर शेजारी शेजारी ठोकल्या आणि फळी रोपांपासून वीतभर उंचीवर टांगली. पानांजवळ मोबाइलनं साडेबारा हजार लक्स दाखवले, म्हणजे १८०. मिरचीच्या रोपाला पुरेसा उजेड, तोही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जवळजवळ सारखा. एकच बोर्ड मध्यभागी टांगला की कडेची रोपं आत झुकतात. पट्ट्यांखाली ती सरळ वाढतात.

मग बोर्डावर पैसे का घालायचे? बिलासाठी. सहा पट्ट्या ओढतात १२० वॅट. तेवढाच उजेड चांगला बोर्ड ७५ वॅटमध्ये देतो. दिवसाला चौदा तास धरले तर महिन्याला पट्ट्यांना पन्नास युनिट, बोर्डाला बत्तीसच्या आतबाहेर. घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढं दर चढतो हे विसरू नका. ज्याचं घर कुलर लावून आधीच शंभराच्या वर गेलंय, त्याला हे जादा युनिट वरच्या दरानंच पडतात. वर्षातून दोन महिने रोपं करायची असतील तर पट्ट्या घ्या, बेलाशक. बारा महिने अंकुर पिकवून विकायचे असतील तर बोर्ड आपली किंमत वसूल करतो. तो घेताना उजेड कमी-जास्त करायची कळ असलेला घ्या. १०० वॅटचा बोर्ड ६०-७० वर चालवला की वॅटमागे उजेड थोडा जास्तच देतो आणि चिपा कमी तापतात.

[दृश्य: गावाबाहेरची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. तारांवर दोन कावळे.]

चिपेच्या नावावर फार भाळू नका. सगळे सॅमसंगची चिप म्हणून विकतात. खरी-खोटी आपल्याला ओळखू येत नाही. ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज चिपांना झेपेल अशी करून देणारा डबा, मात्र पाहता येतो, आणि या गावात दिवा मरतो तो ड्रायव्हरपायी. संध्याकाळी सगळ्यांचे कुलर आणि मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. लाइन जाऊन आली की उसळतं. म्हणून ड्रायव्हरवरचा छाप वाचायचा: चालणाऱ्या व्होल्टेजचा खालचा आकडा १०० च्या आसपास आणि वरचा २६० च्या पुढं हवा. त्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक आणि आयएस १५८८५ हा मानक क्रमांक लिहिलेला असावा.

काही स्वस्त बोर्डांना वेगळा ड्रायव्हरच नसतो. घरची २३० व्होल्टची लाइन थेट चिपांच्या पाटीवर आलेली असते, वर काच नाही, झाकण नाही. असा बोर्ड तंबूत टांगूच नये. खाली पाणी फवारतो आपण, हात ओले, पाय ओल्या फरशीवर. वायरमनला बोलावून आधी आर्थिंग तपासा आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. दिव्यात जे वाचले ते इथं घाला.

राहिली उष्णता. दिवा ७५ वॅटचा असो की १२० चा, ओढलेली सगळी वीज शेवटी तंबूत उष्णता होऊनच राहते. मेच्या दुपारी खोलीच ३८ वर असते, त्यात ही भर. त्यामुळं इथं दिवस आणि रात्र उलटी केली आहे. दिवा रात्री आठला लागतो, सकाळी दहाला विझतो. टायमर लावलेला आहे. झोपायच्या वेळेनंतर व्होल्टेजही बरं असतं. तंबूला वरच्या कोपऱ्यात चार इंची पंखा, गरम हवा बाहेर ओढणारा, आणि खाली दोन भोकं. कुलरचा झोत थेट तंबूत सोडत नाहीत; खोली थंड झाली की पुरे. झोतानं तंबूत ओल कोंडते आणि रोपं बुडाशी कुजून मान टाकतात, मर रोगाची सुरुवात तिथूनच.

सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा मोह मात्र आवरा. उन्हाळ्यात जुडीचा भाव पाहून प्रत्येकाला तो सुचतो. उष्णता आणि वर चौदा-सोळा तास उजेड मिळाला की सांबार पानं सोडून फुलावर येतो. लावायचाच असेल तर दिवाळीनंतर लावा, दिवा बारा तासांवर आणा आणि कोवळा असतानाच कापा.

[दृश्य: जूनचा शेवट. मुलगा आणि त्याची माय ट्रे उचलून अंगणात नेतात.]

रोप तंबूतून थेट वावरात नेत नाहीत. १८० च्या उजेडात वाढलेलं पान उघड्या उन्हात एका दुपारीत पांढरं पडतं. आधी दोन-तीन दिवस कडुनिंबाच्या सावलीत. मग सकाळचं ऊन, नऊपर्यंत. मग अकरापर्यंत. पाणी थोडं तोडायचं, म्हणजे देठ कडक होतो. आठवड्याभरात पानाचा हिरवा रंग गडद होतो, बोटांनी दाबलं की पान जाड लागतं. ट्रेच्या घरातून रोप उपटून पाहतात: मुळांनी कोकोपीट, म्हणजे ट्रेत भरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा, गच्च धरलं असेल आणि गड्डा न सुटता बाहेर आला तर तयार. सुटला तर आणखी चार दिवस. मग पावसाची वाट.