आगाऊ मतदानाचे आकडे: निकाल किती कळतो आणि फसगत कुठे होते

[थेट कॅमेऱ्याकडे]

नमस्कार मंडळी. अमेरिकेत मतदानाचा दिवस म्हणजे नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. पण त्या सकाळी केंद्रं उघडतात तेव्हा बरंचसं मतदान उरकलेलं असतं. २०२४ मध्ये एकूण साडेपंधरा कोटींच्या आसपास मतं पडली, त्यातली आठ कोटींहून जास्त टपालानं किंवा केंद्रावर जाऊन आधीच पडली होती. २०२० मध्ये, करोनामुळे, आधीची मतं दहा कोटींवर गेली होती.

त्यामुळे ऑक्टोबरपासून रोज आकड्यांचा पाऊस पडतो. अमुक राज्यात रिपब्लिकन पुढे, तमुक राज्यात बायकांच्या रांगा, तिसरीकडे विक्रमी मतदान. मग न्यू जर्सीतल्या एडिसनपासून पुण्यापर्यंत सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर निकाल लागून मोकळा होतो. त्या आकड्यांत खरं काय असतं, ते आज नीट बघू.

[स्क्रीनवर: मतदार यादीतली एक ओळ – वय, पत्ता, पक्षनोंदणी, मागच्या निवडणुकांतलं मतदान]

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. हे आकडे कोणाला मत दिलं याचे नसतात, कोणी मत दिलं याचे असतात. पाकिटातली मतपत्रिका गुप्तच असते आणि मतदान संपेपर्यंत बेरीज जाहीर होत नाही. बाहेर येतं ते एवढंच, की यादीतल्या या माणसाची मतपत्रिका पोहोचली. त्या माणसाचं वय, मतदारसंघ आणि मागच्या खेपेला तो आला होता की नाही, हे यादीत असतंच. काही राज्यांत त्याने नोंदवलेला पक्षही असतो.

"काही राज्यांत" हे शब्द धरून ठेवा. नेवाडा, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायना इथे मतदार यादीत नाव घालतानाच आपला पक्ष नोंदवतो. जॉर्जिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, टेक्सास, व्हर्जिनिया इथे पक्षनोंदणी नाहीच. तरीही मिशिगनमध्ये "डेमोक्रॅट इतके टक्के" असा तक्ता तुम्हाला दिसतो. तो वय, वस्ती, वंश आणि मागच्या प्राथमिक फेऱ्यांतलं, म्हणजे पक्षांचे उमेदवार निवडण्यासाठीचं मतदान बघून लावलेला अंदाज असतो. एखाद्या राज्याचा पक्षवार तक्ता समोर आला की तिथे पक्षनोंदणी आहे का, ते आधी बघा. नसेल तर त्या तक्त्याला जनमत चाचणीपेक्षा जास्त वजन देऊ नका.

आता पक्षनोंदणी असलेल्या राज्यातलं गणित करू. एक हजार मतपत्रिका आल्यात असं धरा.

[स्क्रीनवर: रिपब्लिकन ३८०, डेमोक्रॅट ३४०, पक्ष न नोंदवलेले २८०]

रिपब्लिकन चाळीसनं पुढे. दोन्हीकडचे ९५ टक्के लोक आपापल्या पक्षाला मत देतील आणि पाच टक्के पलीकडे जातील असं समजू. डेमोक्रॅटला स्वतःचे ३२३ आणि पलीकडून आलेले १९ मिळून ३४२. रिपब्लिकनला ३६१ आणि १७, म्हणजे ३७८. राहिले ते २८०. ते निम्मेनिम्मे वाटले गेले तर रिपब्लिकन ५१८, डेमोक्रॅट ४८२. पण त्यांतले ५७ टक्के डेमोक्रॅटकडे गेले तर १६० आणि १२०. मग डेमोक्रॅट ५०२, रिपब्लिकन ४९८. पक्षवार आकडा तसाच राहिला आणि निकाल उलटला. कुंपणावरच्या लोकांतली सात टक्क्यांची हालचाल पुरली, आणि ती या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

नोंदणीवर विसंबायचं नाही याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण केंटकी. तिथे २०२२ पर्यंत नोंदलेले डेमोक्रॅट रिपब्लिकनांपेक्षा जास्त होते. त्याच केंटकीत २०२० साली ट्रम्प जवळजवळ २६ टक्क्यांच्या फरकानं जिंकले. आजोबांनी नोंदवलेला पक्ष कागदावर राहतो, मन कधीच दुसरीकडे गेलेलं असतं.

[स्क्रीनवर: फ्लोरिडाचा नकाशा, २०१६]

२०१६ च्या फ्लोरिडात हेच घडलं. मंगळवारच्या आधी राज्यातली सुमारे दोन तृतीयांश मतं पडली होती आणि नोंदणीप्रमाणे डेमोक्रॅट ९० हजारांच्या आसपास पुढे होते. हिलरी क्लिंटन यांच्या समर्थकांत आनंदीआनंद होता. ट्रम्प १,१२,९११ मतांनी जिंकले. मंगळवारी रिपब्लिकन मोठ्या संख्येनं बाहेर पडले, आणि आधीच्या "डेमोक्रॅट" मतांतही ट्रम्प यांची मतं होतीच.

आता जॉर्जिया, कारण इथली चूक सगळ्यात जास्त लोक करतात. १५ ऑक्टोबर २०२४, आगाऊ मतदानाचा पहिला दिवस. एका दिवसात तीन लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं. चार वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी एक लाख ३६ हजारांच्या आसपास होते. दुप्पट! दोन्ही बाजूंनी हा आपल्याच लाटेचा पुरावा मानला. पण शेवटी जॉर्जियातलं एकूण आगाऊ मतदान दोन्ही वर्षी चाळीस लाखांच्या घरातच राहिलं. २०२० मध्ये त्यातले तेरा लाखांच्या आसपास टपालानं आले होते. २०२१ च्या कायद्यानं टपाली मतदानाचे नियम आवळले, करोनाही गेला, आणि ती माणसं केंद्रावर येऊन रांगेत उभी राहिली. बदलला तो रस्ता. लग्नाला आदल्या रात्रीच किती पाहुणे मुक्कामाला आले, यावरून पंगतीला किती पानं लागतील ते ठरत नाही, तसंच हे.

यातून तुलनेचा नियम निघतो. टपाली मतं, केंद्रावरची आगाऊ मतं आणि मंगळवारची मतं, हे तीन आकडे वेगळे ठेवा. मागच्या वेळेशी तुलना करताना त्या वेळी लोक कोणत्या रस्त्यानं आले होते, ते विचारा. २०२० मध्ये ट्रम्प स्वतः टपाली मतदानावर तुटून पडत होते, त्यामुळे त्यांचे मतदार मंगळवारपर्यंत थांबले. २०२४ मध्ये त्यांच्याच पक्षानं लवकर मत द्या म्हणून मोहीम चालवली. म्हणून रिपब्लिकनांच्या आगाऊ मतांत झालेल्या वाढीचा मोठा भाग २०२० च्या मंगळवारच्या मतांतून आलेला होता. मध्यावधी निवडणूक, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणारी, असेल तर तुलना मध्यावधीशीच करा. राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षाशी केली तर प्रत्येक पक्ष खचलेलाच दिसेल.

बायकांच्या रांगांचं थोडक्यात सांगते. २०२४ मध्ये आगाऊ मतदारांत बायका ५४-५५ टक्क्यांच्या आसपास होत्या, म्हणून कमला हॅरिस यांचा विजय पक्का धरला गेला. पण आगाऊ मतदारांत बायका दर निवडणुकीतच जास्त असतात.

[स्क्रीनवर: नेवाडा – क्लार्क, वॉशो, बाकीच्या काउंट्या]

मग या आकड्यांतून कधीच काही कळत नाही का? कळतं. त्यासाठी नेवाडा बघा. राज्यातले सुमारे सत्तर टक्के लोक एका क्लार्क काउंटीत, म्हणजे लास व्हेगास आणि आसपासच्या जिल्ह्यात राहतात. त्यानंतर रीनो शहराची वॉशो काउंटी, आणि बाकीचा पसरलेला ग्रामीण भाग कडवा रिपब्लिकन. पक्षनोंदणी आहे, मतपत्रिका प्रत्येकाला घरपोच जाते आणि काउंट्या रोज आकडे देतात. पत्रकार जॉन रॉल्स्टन वर्षानुवर्षं हे आकडे रोज मांडत आले आहेत. त्यांचा ठोकताळा असा: क्लार्कमध्ये डेमोक्रॅटांनी आगाऊ मतांत पुरेशी मोठी आघाडी बांधली, की ग्रामीण भाग ती फेडू शकत नाही. २०१६ मध्ये हा ठोकताळा बरोबर ठरला.

२०२४ मध्ये क्लार्कमधली ती आघाडीची भिंत उभीच राहिली नाही. राज्यभरात रिपब्लिकन आगाऊ मतांत पुढे निघाले. खुद्द रॉल्स्टन यांनी तरीही शेवटी हॅरिस अगदी निसटत्या फरकानं जिंकतील असा अंदाज दिला, कारण पक्ष न नोंदवलेले मतदार त्यांच्याकडे झुकतील असं त्यांनी धरलं. गाडी चालवण्याच्या परवान्याबरोबर आपोआप मतदार नोंदणी सुरू झाल्यापासून नेवाडात हा गट सगळ्यात मोठा झाला आहे आणि त्यांचं मन ओळखणं फार अवघड. ट्रम्प सुमारे ४६ हजार मतांनी जिंकले.

आता याच नेवाडातली दुसरी गोष्ट बघा. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर सिनेटची निवडणूक होती. तीत डेमोक्रॅट जॅकी रोझन सुमारे २४ हजार मतांनी जिंकल्या. मतदार तेच, आगाऊ आघाडी तीच, आणि निकाल दोन. रिपब्लिकनांचा उत्साह खरा होता आणि आकड्यांनी तो बरोबर दाखवला. पण त्या उत्साहाचा फायदा कोणाला किती मिळेल, हे आकडे सांगू शकले नाहीत.

आम्ही या आकड्यांत एक गोष्ट शोधतो: मागच्या दोन निवडणुकांत न आलेले लोक. जो माणूस दर वेळी मत देतो, तो मंगळवारऐवजी ऑक्टोबरात आला तर पक्षाच्या खात्यात एक मतही वाढत नाही. न येणारा आला तर वाढतं. म्हणून "किती आले" पेक्षा "यातले किती मागच्या वेळी घरी बसले होते" हा प्रश्न मोलाचा. दुसरं, घरोघर पाठवलेल्या टपाली मतपत्रिकांपैकी किती परत आल्या, हे वयोगटानुसार बघा. शेवटच्या आठवड्यातही तरुणांच्या मतपत्रिका घरातच पडून असतील, तर तरुणांच्या मतांवर भिस्त असलेल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांची धावपळ कुठे कमी पडतेय ते दिसतं.

[स्क्रीनवर: महाराष्ट्र विधानसभा, २० नोव्हेंबर २०२४]

आपल्याकडे पक्षनोंदणी नाही, त्यामुळे असा पक्षवार तक्ता बनतच नाही. पण अर्धवट आकड्यावरून निकाल काढायची खोड तीच. विधानसभेला संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम ६६.०५. पाचनंतर आलेले आणि सहा वाजता रांगेत उभे असलेले मतदार त्यात मिळाले. २०१९ मध्ये मतदान सुमारे ६१ टक्के होतं. मतदान वाढलं म्हणजे सरकार जाणार, हा आपला जुना समज. महायुतीला २३० जागा मिळाल्या.

[परत कॅमेऱ्याकडे]

मंगळवारच्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं, कारण आगाऊ मतं तिथे आणखी एक फसगत करतात. पेनसिल्व्हेनियात टपाली पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंत उघडताच येत नाहीत. मग बाहेरचं पाकीट तपासायचं, ते फाडायचं, आतलं गुप्ततेचं पाकीट काढायचं, ते उघडून घडी घातलेली मतपत्रिका सपाट करायची आणि यंत्रात घालायची. आतलं पाकीट नसेल तर मत बाद. लाखो पाकिटांचं हे काम एका रात्रीत होत नाही. म्हणून २०२० मध्ये त्या रात्री ट्रम्प सहा लाखांहून जास्त मतांनी पुढे दिसत होते आणि शेवटी बायडन ८०,५५५ मतांनी जिंकले. फ्लोरिडात उलटं: तिथे आगाऊ मतांची छाननी आधीच झालेली असते, ती बेरीज मतदान संपल्यावर अर्ध्या तासात येते आणि मंगळवारची मतं मागून भरतात. तेव्हा पडद्यावर आघाडी दिसली की आधी बघा, यात कोणती मतं मोजली आहेत, आणि पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया शहरात अजून किती पाकिटं बंद आहेत.