पाठीला स्पिरिट कशासाठी?

सगळ्या सिस्टर, आणि मागच्या रांगेत दाराजवळची जागा धरून बसलेले तिघे ब्रदर, नमस्कार. बाहेरच्या फलकावर ‘संशोधन पद्धती आणि पुराव्यावर आधारित परिचर्या’ असं लिहिलंय. हे नाव माझं नव्हे. मला विचारलं असतं तर नुसतं ‘का?’ लिहा म्हटलं असतं. पुराव्याच्या पाच पायऱ्या सांगायचं मी कबूल केलंय, त्या सांगणारच आहे. आधी जरा पाठीचं सांगते.

स्पिरिट आणि पावडर चोळून बॅक केअर, म्हणजे पडून असलेल्या रुग्णाच्या पाठीची निगा, कोणी कोणी केलीय? हात वर करा. लाजू नका, माझाही वर आहे.

मी विद्यार्थिनी असताना आमच्या वॉर्डात मांडीचं हाड मोडलेले एक आजोबा ट्रॅक्शनवर, म्हणजे पाय वजनानं ताणून पडून होते. त्यांची पाठ माझ्याकडे. आमच्या सिस्टरची शिकवण अशी की चोळून चोळून कातडी गुलाबी झाली पाहिजे, म्हणजे रक्त खेळतं. माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला, म्हणून मी दुप्पट जोर लावला. आजोबा म्हणायचे, “पोरी, आग होतेय गं.” मी म्हणायची, “आजोबा, आग होतेय म्हणजे औषध लागतंय.” तिसऱ्या दिवशी कातडी सोलली. सिस्टर म्हणाल्या, “तू नीट चोळलं नाहीस.” आणि गंमत बघा, पुढे कित्येक वर्षं मला ते खरंच वाटायचं.

तेव्हा एकदा धीर करून विचारलं होतं, “सिस्टर, स्पिरिटच का?” उत्तर आलं, “प्रोसिजर बुकात आहे.” पुस्तक उघडलं. तिथे लिहिलं होतं: वॉर्डच्या पद्धतीप्रमाणे. हसताय, पण तुमचीही पुस्तकं एकदा उघडून बघा.

आता त्या चट्ट्याचं. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जातं, बारीक रक्तवाहिन्या मिटतात. लाल जागेवर बोट दाबून उचला. क्षणभर पांढरी झाली तर रक्त अजून फिरतंय. लालच राहिली तर आतली इजा सुरू झालेली आहे, आणि तिथे चोळणं म्हणजे फाटायला आलेलं कापड पिळणं. वर स्पिरिटनं कातडी कोरडी पडते ती वेगळीच. म्हणजे आजोबांची जखम माझ्या आळसानं झाली नव्हती, मेहनतीनं झाली होती!

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये लिहिलं की बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी अशी जखम, झाला तर दोष बहुधा आजाराचा नसून परिचर्येचा असतो. हे वाक्य आपण शंभर वर्षं अपराधी मनानं वाचलं आणि आणखी जोरात चोळलं. डोरीन नॉर्टन यांनी मात्र मोजायला घेतलं. त्या स्वतः परिचारिका. वयस्क रुग्णांवरचं त्यांचं आणि सहकाऱ्यांचं काम १९६२ साली छापून आलं. कातडीला काय फासता यापेक्षा रुग्णाला नेमानं कुशीवर वळवणं महत्त्वाचं, हे त्यातून पुढे आलं. धोका आधीच ओळखणारं नॉर्टन मापनही त्यातलंच.

एक तक्रारही नोंदवून ठेवते. आपल्याकडचे प्रबंध कसे असतात? शिकवण्याआधी चाचणी, मग तक्ता दाखवून शिकवणं, मग पुन्हा तीच चाचणी. निष्कर्ष: गुण वाढले. अहो, वाढणारच! रुग्णाच्या पाठीचं काय झालं, ते कोणी मोजलं का?

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं.’ पायऱ्या पाच, म्हणजे हिशेब बरोबर आहे.

पहिली, प्रश्न नेमका करा: कोणता रुग्ण, काय करायचं, कशाच्या तुलनेत, काय मोजायचं. ‘बेडसोर कसे टाळावेत’ हा विषय झाला. ‘फोमच्या गादीवरच्या वृद्ध रुग्णाला दोनऐवजी चार तासांनी वळवलं तर जखमा वाढतात का’ हा प्रश्न झाला. दुसरी, शोधा, एकेका लेखाआधी सगळे अभ्यास एकत्र तोलणारा पद्धतशीर आढावा बघा.

तिसरी, पारखा. इथे दहा मिनिटं हवी होती. नॅन्सी बर्गस्ट्रॉम, म्हणजे ज्यांनी बार्बरा ब्रेडनबरोबर १९८७ साली ब्रेडन मापन, म्हणजे हाच धोका ओळखणारं दुसरं मापन, मांडलं त्याच, यांच्या गटानं २०१३ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. अमेरिका आणि कॅनडातली २७ वृद्धसेवा केंद्रं, ९४२ रहिवासी, दर २, ३ आणि ४ तासांनी वळवायचे गट यदृच्छेनं म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले. तीन आठवड्यांत जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. टाळ्या नकोत, थांबा! सगळे दाट फोमच्या गादीवर होते, आणि धोका मध्यम किंवा जास्त असलेले रहिवासी होते. अतिदक्षता विभागातल्या बेशुद्ध रुग्णाला साध्या गादीवर चार तास ठेवायची परवानगी यात कुठेही नाही.

चौथी, लागू करताना तुमचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा दोन्ही घ्या. रात्री दर दोन तासांनी उठवलेल्या माणसाला विचारा, झोप म्हणजे काय ते. पाचवी, बदलाआधी आणि नंतर मोजा. आधीचा आकडा नसेल तर नंतरचा कशाशी ताडून बघणार?

अध्यक्ष उभ्या राहिल्या, बसते मी. दाराजवळच्या एका ब्रदरनं मघापासून हात वर धरलाय, आधी त्यांचा प्रश्न घ्या.