जाळ्यात न येणारी माहिती

नमस्कार श्रोतेहो. मालवणला स्कूबा डायव्हिंग करून आलेली मंडळी आता बऱ्याच घरांत भेटतात. पाठीवरचं तेच सिलिंडर घेऊन शास्त्रज्ञ पाण्याखाली उतरला, तर त्याला काय काय उमगतं, ते आज सांगते.

पूर्वी तळाचा अभ्यास बोटीवरूनच व्हायचा. जाळं ओढायचं आणि वर येईल ते बाटलीत भरायचं. मासा कोणता ते कळे, पण खाली तो काय करत होता ते कसं कळणार? १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी श्वासाचं उपकरण बनवलं आणि माशांमध्ये जाऊन थांबणं शक्य झालं.

कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेचे कॉनरॅड लिंबॉ असेच थांबून बघत. मोठे मासे एखाद्या चिमुकल्या माशापुढे निमूट उभे राहतात, तोंड वासतात, कल्ले उघडतात आणि तो त्यांच्या अंगावरचे परजीवी वेचून खातो. लिंबॉंनी बहामात दोन छोट्या प्रवाळांवरून हे सफाईवाले काढून घेतले. काही दिवसांतच बाकीच्या माशांची संख्या रोडावली. पुढे इतरांना तसं आढळेना, वाद झाला. मग ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळ पाणबुड्या संशोधकांनी तब्बल साडेआठ वर्षं काही प्रवाळांवर सफाईवाले मासे टिकू दिले नाहीत. तिथे वस्तीला असलेले मासे ३७ टक्क्यांनी कमी भरले. लिंबॉंना हे पाहायला मिळालं नाही. १९६० मध्येच फ्रान्समधल्या पाण्याखालच्या गुहेत त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या चिकाटीबद्दल मला फार आदर वाटतो.

कारण हे काम सोपं नाही. वीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट होतो, म्हणून सिलिंडरमधली हवाही तिप्पट वेगानं संपते. मोजपट्टी कुणी अंथरायची, फोटो कुणी काढायचे, प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीनं कुणी लिहायचं, हे बोटीवरच ठरवावं लागतं. वर येतानाही घाई चालत नाही. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे जिवावर बेततात.

आपल्या विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेलं आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे. त्याचा माथाच सुमारे वीस मीटर खोल, वर जिवंत प्रवाळ. तिथल्या नोंदी वर्षानुवर्षं व्हायला हव्यात. कोकणातल्या प्राणिशास्त्राच्या मुलामुलींना पोहण्याबरोबर हे डायव्हिंगही महाविद्यालयातच शिकवा, असा माझा आग्रह आहे. समुद्र दारात असलेल्या मुलांनी तो फक्त बाटलीतल्या नमुन्यांवरून का शिकावा?