दिवे लागल्यावरची वीज

नमस्कार श्रोतेहो. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना रबाळे, महापे भागातल्या कारखान्यांच्या पत्र्यांवर चकाकणारे, कांद्याच्या आकाराचे पंखे फिरताना तुम्ही पाहिले असतील. त्यांना वीज लागत नाही. मी अशाच एका शेडमध्ये मेन्टेनन्सचं काम करतो. एप्रिलच्या दुपारी शिडीवरून पत्र्यापाशी पोचलं की तोंड भाजतं. ती तापलेली हवा वर जायला वाट शोधते आणि जाता जाता पंखा फिरवते.

याच हवेवर वीज करायची, ही सौर मनोऱ्याची कल्पना. माणसाच्या उंचीवर काचेचं किंवा प्लास्टिकचं अफाट छत घालायचं, मधोमध पोकळ मनोरा उभारायचा. छताखाली तापलेली हवा मनोऱ्याकडे धावते आणि पायथ्याचं टर्बाइन फिरवते.

जर्मन अभियंते यॉर्ग श्लाइख यांनी स्पेनमध्ये मान्झानारेस इथे तो खरोखर उभारला. १९८२ साली तो चालू झाला. मनोरा सुमारे १९५ मीटर उंच, छताचा व्यास २४४ मीटर. (कोलकात्याच्या विद्यासागर सेतूच्या आराखड्यातही याच श्लाइखांच्या कार्यालयाचा हात आहे.) एवढ्या खटाटोपातून वीज मिळाली जास्तीत जास्त ५० किलोवॅट. छताखालची जागा साडेअकरा एकरांच्या आसपास. तेवढ्या जागेत आजची सोलर पॅनेल टाकली तर दोन मेगावॅट सहज निघतील, म्हणजे चाळीस पट.

मग हा नाद सोडून द्यावा का? मला तसं वाटत नाही. मे महिन्यात रात्री नऊ वाजता गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडून पाहा. पाणी अजून गरम असतं. मनोऱ्याच्या छताखालची जमीनही अशीच तापून राहते, आणि पाण्याने भरलेल्या काळ्या नळ्या तिथे पसरल्या तर ऊब रात्रभर पुरवता येते. पॅनेल मात्र सूर्य मावळला की थांबतात, आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात. राज्याच्या विजेचा ताळमेळ सांभाळणारं भार प्रेषण केंद्र इथे आपल्या ऐरोलीतच आहे. संध्याकाळची ही ओढाताण तिथल्या माणसांना रोजची आहे.

मनोरा जितका उंच, तितका हवेचा ओढा जोरदार. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या एन्व्हायरोमिशन या कंपनीने तब्बल १००० मीटर उंचीचा, २०० मेगावॅटचा मनोरा मांडला होता. दुबईच्या बुर्ज खलिफाहूनही उंच! तो उभा राहिलेला नाही. पैशांच्या परतफेडीची कित्येक वर्षं वाट पाहायला पैसेवाले सहज तयार होत नाहीत, हे उघड आहे. जमिनीचं म्हणाल, तर ठाणे-नवी मुंबईत कित्येक किलोमीटर मोकळी, सपाट जागा आणायची कुठून? तिकडे वाळवंटाजवळच शोभेल असं हे काम.

तरीही असा प्रस्ताव घेऊन कोणी आलं तर मी त्याला हाकलणार नाही. दोन प्रश्न विचारीन. संध्याकाळी सात ते रात्री अकरा किती युनिट देणार, ते तासावारी लिहून द्या. आणि दुसरा, माझ्या कामातला: मनोऱ्याला आधार देणाऱ्या तारा कोण तपासणार, किती दिवसांनी? मान्झानारेसचा मनोरा १९८९ साली वादळात कोसळला, कारण त्या तारा गंजल्या होत्या. खाडीच्या खाऱ्या हवेत आमच्या शेडचे नटबोल्ट दर पावसाळ्यानंतर मी हातात घेऊन पाहतो.