मैफलीत बसायचं कुठे? आधी मिक्सर शोधा

नमस्कार मंडळी. जत्रा, डबलबाऱ्या (म्हणजे दोन भजनी बुवांचे सामने) आणि संगीत महोत्सवांचे दिवस सुरू झाले की कमेंटमध्ये एकच तक्रार परत परत येते. बुवा नावाजलेले, गर्दी मोठी, पण शब्द एक कळला नाही. कुणी लिहितं, पहिल्या रांगेत जागा मिळाली आणि डोकं धरून घरी आलो. आणि त्याच कार्यक्रमाबद्दल तिसरं कुणी लिहितं की असं गाणं जन्मात ऐकलं नव्हतं. तिघंही खरंच सांगतायत. तिघं वेगवेगळ्या जागी बसले होते, एवढंच.

वेळेवर पोचा, सतरंजी न्या, पाण्याची बाटली घ्या, थंडीत कानटोपी ठेवा. हे तुम्हाला माहीत आहे, पुढे जाऊ.

मैदानात शिरलात की आधी मिक्सर शोधा. प्रेक्षकांत एका टेबलावर बटणांचा मोठा बोर्ड असतो आणि मागे साउंडवाला उभा असतो, ती जागा. त्याच्या पुढे चार-पाच रांगांत किंवा अगदी शेजारी बसा. का? कारण तो कार्यक्रमभर जे काही वर-खाली करतो, ते स्वतःच्या कानाला काय ऐकू येतंय त्यावर करतो. त्याच्या जागेवर गाणं चांगलं लागलं, की त्याचं काम झालं.

आता हेच आकड्यांत बघा. उघड्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून 2 मीटरवर 106 डेसिबल असेल, तर 4 मीटरवर 100, 8 मीटरवर 94, 16 मीटरवर 88. साउंडवाला 16 मीटरवर उभा राहून 88 ऐकतोय, त्याला वाटतंय सगळं ठीक आहे. आणि तुम्ही लहान मूल मांडीवर घेऊन 2 मीटरवर बसलाय! कामाच्या जागी कानांसाठी जी मर्यादा सुचवली जाते ती 85 डेसिबलला 8 तास अशी आहे, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटं, आणि 106 ला चार मिनिटंसुद्धा नाहीत. घरी आल्यावर कानात कुईं वाजतं ते यामुळे. मुलांना स्पीकरसमोर बसवू नका, हे हात जोडून सांगणं आहे.

बरं, कान दुखत नाहीत म्हणून स्पीकरच्या बाजूला बसणारेही असतात. तिथे दुसरी गडबड होते. जाड आवाज चहूकडे पसरतो, बारीक आवाज सरळ रेषेत जातो. स्पीकरच्या पेटीतला हॉर्न, म्हणजे बारीक आवाजाचा भोंगा, आवाज फेकतो तो समोरच्या 60 ते 90 अंशांत. त्या पट्ट्याबाहेर गेलात की पखवाजाची घूम मिळेल, पण स, श, च, त, ट ही अक्षरं मिळणार नाहीत. शब्द ओळखू येतो तो याच अक्षरांमुळे. डबलबारीत तर सगळी गंमत शब्दांत असते. एका बुवाने भजनाच्या गजरात काय टाकलं आणि समोरच्या बुवाने त्याला काय उत्तर दिलं, तेच ऐकायला माणसं रात्र जागवतात. कडेला बसून हाती काय लागतं? नुसता घुमारा.

आणि तिसरी बाजू वेळेची. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. म्हणजे 35 मीटर मागे बसलात तर स्टेजवरचा ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. गर्दी मोठी म्हणून मागे जादा स्पीकर लावतात. त्यांना मिक्सरवरून तेवढाच उशीर द्यावा लागतो, त्याला डिले म्हणतात. तो दिला नाही, की जवळच्या पेटीतून शब्द आधी येतो आणि पुढच्या पेटीतून तोच शब्द मागाहून येऊन त्याच्यावर आदळतो. दोन पेट्यांमधलं अंतर 17-18 मीटरच्या वर गेलं की कान ते दोन वेगळे आवाज म्हणून ऐकायला लागतो. मागच्या स्पीकरखाली जागा मिळाली आणि शब्द दोनदा ऐकू आला तर उठा, मधल्या रेषेत मिक्सरकडे सरका. आयोजक हा व्हिडिओ बघत असतील तर त्यांनी ठेकेदाराला एवढंच विचारावं: मागच्या पेट्यांना डिले लावलाय का?

आता "आवाज वाढवा" असं ओरडणाऱ्यांबद्दल. शब्द कळत नाहीत याचं कारण आवाज कमी असणं हे क्वचितच असतं. आवाज वाढवला की स्पीकरमधला आवाज माईकमध्ये शिरतो, माईकमधून परत स्पीकरमध्ये जातो आणि शिट्टी सुरू होते. तसाच प्रकार माईकची जाळी मुठीत धरणाऱ्या गायकांचा. गाण्याचा माईक पुढून ऐकतो, मागचं टाळतो. जाळी झाकली की ही सोय जाते आणि चारही बाजूंचं आत येतं. दांडा धरा, जाळी मोकळी ठेवा. आणि टेस्टिंग करताना माईकवर टिचक्या मारू नका, बोला.

किनाऱ्यावरच्या कार्यक्रमांत वाऱ्याचा मुद्दा असतोच. दुपारपासून संध्याकाळपर्यंत समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री उशिरा जमिनीकडून मतलई सुटतो. वाऱ्याबरोबर जाणारा आवाज खाली वाकतो आणि लांब पोचतो, उलटा जाणारा वर उचलला जातो. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर स्टेज समुद्राच्या बाजूला आणि तोंड गावाकडे ठेवा, म्हणजे वारा तुमचं काम करतो. फक्त माईकांना स्पंजच्या टोप्या घाला, नाहीतर आलापात फडफड ऐकू येते.

रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या प्रांगणात थंडीत शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. अशा उघड्या जागी रात्री दव पडायला लागलं की तबल्याचं कातडं ओल धरतं, सैल पडतं आणि सूर उतरतो. मग तबलजी हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे काठाच्या चामडी वेणीवर ठोकतो, जास्त उतरला असेल तर वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे खाली सरकवतो. काठावरची सोळा घरं (वाद्यांमधल्या जागा) सारखी बोलेपर्यंत त्याला थांबता येत नाही. या दोन मिनिटांत गप्पा मारू नका, कारण तो ज्या तंबोऱ्याला सूर मिळवतोय तो फार हळू वाजत असतो.

रसभंग सगळ्यात जास्त कशाने होतो विचाराल, तर सत्कारांनी. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकतं, बाकी दिवशी 10 म्हणजे 10. साडेसहाचा कार्यक्रम हारतुरे आणि भाषणं उरकून पावणेआठला सुरू होतो. तोवर साउंडचेक गुंडाळलेला असतो, पहिली दोन गाणी माईक जुळवण्यात जातात आणि भैरवी घाईत उरकते. सत्कार मध्यंतरात घ्या. श्रोते चहाला उठलेलेच असतात.

शेवटचा प्रश्न, मोबाईलवरचं रेकॉर्डिंग का फाटतं? तुम्ही स्पीकरजवळ उभे असता म्हणून. इथेही मिक्सरपाशीच या. मोबाईलचा माईक बहुधा खालच्या कडेला असतो, ते भोक तळहाताने झाकू नका. खारा वारा असेल तर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, फडफड अंगावर अडते.